टायरच्या तेलातलं शिसं

समस्त ओंटारियोवासी मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, स्वतःच्या सावलीलाही तपासल्याशिवाय सोबत न घेणारे एकच गृहस्थ या भूतलावर आहेत, आणि ते आमचे साडू आहेत.

वॉन शहरातल्या एका प्रयोगशाळेत ते जुन्या टायरांपासून काढलेलं काळं, उग्र वासाचं तेल तपासतात. शिसं, आर्सेनिक असली विषं त्यात कणभर तरी उरलीत का, ते मोजायचं. तेलाआधी एक कोरी बाटली मोजायची, म्हणजे बाटलीचा स्वतःचा दोष वजा करता येतो, असा तिथला नियम. साडूंनी तो संसारालाही लावला. आमच्याकडे आले की आधी चहाच्याच कपातून नुसतं गरम पाणी पितात. "कपाची चव कळल्याशिवाय चहाला नावं ठेवणं अन्यायाचं," म्हणतात, आणि मग न्यायाने ठेवतात. सेंट मारलेल्या माणसाला ते मिठी मारत नाहीत, लग्नातसुद्धा.

गेल्या हिवाळ्यात त्यांना मोजणीची नवी पद्धत सिद्ध करून दाखवायची होती. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर नारळ. मेहुणीने काळजीपोटी गावाहून आलेला मारुतीचा शेंदूर रोज सकाळी त्यांच्या कपाळाला लावायला सुरुवात केली. आणि त्याच आठवड्यात कोऱ्या बाटलीत शिसं निघालं! साडूंनी बाटल्या आम्लात बुडवल्या, हातमोजे बदलले, छतातल्या हीटिंगच्या झडपेवर संशय घेतला. शिसं वाढतच गेलं. नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून मेहुणीने टिळा मोठा केला. टिळा वाढला तसं शिसं वाढलं, शिसं वाढलं तसा टिळा.

शेवटच्या चाचणीच्या आदल्या दिवशी लोकरीची टोपी काढताना टेबलावर लाल कण सांडले. साडूंनी ते तपासले. शेंदूर शिशापासूनच केलेला होता. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने डबी उचलून देव्हाऱ्यामागे ठेवून दिली.

त्यांची गाडी विंटर टायर बसवायला गेली होती, म्हणून सकाळी मी न्यायला गेलो. साडू बूट घालून दारात उभे, पण पाय निघेना. मेहुणी चार हात लांब.

"जा की आता," ती म्हणाली. "काही लावत नाही मी. हातसुद्धा धुतलेत."

"माहीत आहे."

"मग?"

त्या दिवशीची बाटली कोरी निघाली, नोकरीही टिकली. पण मला आठवतात ते दारातले साडू, टोपी काढून वाकलेले, आणि माझ्यादेखत त्यांच्या तोंडून निसटलेलं,

"अगं, शेंदूर राहू दे, नुसतं बोट तरी टेकव."