कौलातून धुराला वाट

घरात बसून माझ्या जिवाची तगमग व्हायची. गृहविज्ञानाची पदवी घेऊन मी कोल्हापूरच्या घरी नुसती बसून होते. स्थळं येत होती, जात होती. पाहुणे जिना उतरले की मी चपला घालून रंकाळ्याच्या दिशेने चालत सुटायची. एका संस्थेला खेड्यातल्या बायकांना निर्धूर चूल बांधायला शिकवणारी बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा मी पुढचं काहीच विचारलं नाही. वडील म्हणाले, "पदवी घेतलीस ती चिखल तुडवायला?" दुसऱ्या दिवशी आईने डबा भरून हातात दिला.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. निर्धूर चुलीचं तेव्हा नवीनच निघालं होतं. माती, शेण आणि भुसा मळून साच्यावर दोन तोंडांची चूल घालायची. पुढच्या तोंडावर भाकरी, मागच्या तोंडावर उरलेल्या आचेत आमटी. त्याच्यामागे सिमेंटचा पाइप, तो कौलातून वर काढायचा. धूर बाहेर जातो, जळणही कमी लागतं. मला नेमून दिलेलं गाव गडहिंग्लजच्या पुढे होतं. एस.टी. बदलून जावं लागायचं. दूध डेअरीची एक रिकामी खोली आम्हाला वर्गासाठी मिळाली होती. शिकायला येणाऱ्या बायका मला 'अक्का' म्हणायच्या.

त्यांच्यात एक उंच, हाडापेराने मजबूत अशी बाई होती. गावातल्या एका शेतकरी घराची थोरली सून. तिला एका जागी बसवत नसे. दुसऱ्या बायका माती चाळत असत तोवर हिने पायांनी चिखल तुडवून तयार केलेला असे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुला का शिकायचंय?" ती म्हणाली, "माज्या सासूचं डोळं सारखं गळत्यात, अक्का. खोकून खोकून ती चुलीपुढंच आडवी हुती. बघवंना मला."

आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच पुरुषांसारखं बोलतात. एकदा चूल सुकायला ठेवली होती. मी तिला म्हटलं, "अगं, दम धर जरा." तशी ती म्हणाली, "मी न्हाय दम धरत. दम धरूनच धूर खाल्ला की." ते ऐकून मला बरं वाटलं. हीही माझ्यासारखीच.

पहिल्या दोन घरांत चुली घालून झाल्या. काम अडलं ते छपरावर. पाइपासाठी कौलं काढायची, त्यांच्याखालच्या लाकडी पट्ट्या, रिपा, कापायच्या, हे गावातला गवंडी करणार असं ठरलं होतं. तो आज येतो म्हणायचा, उद्या येतो म्हणायचा. शेवटी त्याने सांगून टाकलं, "चुलीचं काम बायकांचं. मी घरं बांधतो." तोवर त्या घरांत अर्धवट पाइप तसाच उभा होता आणि त्यातून धूर आढ्याखाली कोंडत होता. बायका डोळे पुसत मला सांगायच्या, "अक्का, आदीचीच चूल बरी हुती." गडहिंग्लजला एका ओळखीच्या घरी मी मुक्कामाला असायची. त्या रात्री मी अर्ध्या ताटावरून उठले. घरच्या बाईने दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून.

शेवटी मीच पदर खोचला आणि शिडी लावून वर चढले. पहिल्या घराचं काम मी केलं. गावाने बघितलं, पण शहरातली बाई आहे म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या घरी मी शिडीला हात लावला तर ती थोरली सून म्हणाली, "तुमी रोज येणार हाय काय हितं? मी चढतो." नऊवारीचा काचा घट्ट करून ती वर गेली. वाशांवर पाय ठेवत आढ्यापर्यंत पोचली आणि कौलं काढून एकेक खाली द्यायला लागली. मी ती झेलत होते. खरं सांगते, त्या नोकरीत मला इतका आनंद आधी झाला नव्हता.

तो फार टिकला नाही. खाली माणसं गोळा झाली. कुणीतरी शेताकडे पळालं. थोड्या वेळात तिचा सासरा हातात खुरपं घेऊन तसाच आला आणि बोळाच्या तोंडापासूनच ओरडला, "खाली उतर! आदी खाली उतर!"

ती उतरली. हातातलं कौल तिने भिंतीकडेला नीट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता सासऱ्याच्या मागून चालायला लागली. तो वळून मला म्हणाला, "तुमी शिकल्याली मानसं, तुमास्नी काय बोलायचं? पर आमची सून कौलावर न्हाय चढायची."

दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली नाही. तिचं बघून बाकीच्या बायकाही गळायला लागल्या. एकीला शेतातली भांगलण आठवली, एकीच्या घरी पाहुणे आले. रविवारी मी कोल्हापूरला घरी आले, पण मन गावातच होतं. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारातून पुन्हा स्वयंपाकघरात, अशा येरझाऱ्या घालत होते. आई म्हणाली, "खाली बस गं, मला गरगरायला लागलंय." मी बसले, आणि लगेच उठले. वर्ग बंद पडला तर माझी नोकरी जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही की तिला आता घरात काय काय ऐकावं लागत असेल.

सोमवारी मी वर्गाकडे न जाता थेट तिच्या घरी गेले. सासरा घराच्या पुढच्या सोप्यात बसला होता. राग कुठे दिसला नाही. "या पावणं, बसा," म्हणाला, आणि आत बघून चहा सांगितला. आतून धूर सोप्यापर्यंत येत होता. त्या धुरात कुठेतरी त्याची बायको खोकत होती.

मी विषय काढला. तो शांतपणे म्हणाला, "असं बघा, कौलावर मानूस चढलं की चार घरांची परसं दिसत्यात. बायका न्हाणीत असत्यात. लोक नावं ठेवत्यात की."

तेवढ्यात आतून आवाज आला. खोकल्यामुळे तो तुटत तुटत येत होता.

"आनि वर्साला गडी कौलं परतायला चढत्यात, तवा त्यास्नी न्हाण्या दिसत न्हाईत व्हय? का डोळं झाकून चढत्यात?"

सासू दारात येऊन उभी राहिली. बारकीशी म्हातारी, लाल झालेले डोळे. नवऱ्याकडे तिने बघितलंही नाही. मला म्हणाली, "माज्या घरात घाला चूल. सून वर चढंल. मी शिडी धरून खाली हुभी ऱ्हातो. कोन काय म्हनतंय, त्येनं मला येऊन म्हनावं."

सासऱ्याने चहाचा कप खाली ठेवला, टोपी घातली आणि शेताकडे निघून गेला. सुनेने तोवर कोपऱ्यातली चाळण उचललीही होती.

चूल घातली, सुकली. पाइप चढवायच्या दिवशी अर्धं गाव बोळात होतं. म्हातारी दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती आणि वर बघून सारखी ओरडत होती, "त्या वाशावर न्हाय! पलीकडल्या! पडशील, मर्दिनी!" वरून सून म्हणत होती, "आत्ती, तुमी गप ऱ्हावा हो जरा."

आणि चूल पेटवली तर सगळा धूर उलटा घरात. आम्ही तिघी खोकत बाहेर पळालो. लोक हसले. सून मात्र परत वर गेली, आढ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अक्का, पाइप आढ्याच्या खालीच हाय. वारं दाबतंय." मीही वर चढले. माझ्या डोक्यात तोच विचार येत होता. आम्ही दोघींनी वर आणखी एक तुकडा जोडला, टोपी बसवली. पुन्हा पेटवलं. या वेळी धूर पाइपातून सरळ वर गेला आणि शेजारच्या चिंचेकडे सरकला. म्हातारी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन तिने भाकरी थापली आणि आम्हाला सुनावलं, "धूर न्हाय हे खरं, पर आर बी न्हाय म्होरं. भाकरी कशावर फुगवू?" तिचं बरोबर होतं. पुढे निखारे ओढता येत नसल्याने त्या चुलीवर भाकरी पहिल्यासारखी फुगत नसे.

बायका वर्गाला परत आल्या. त्यानंतर थोरली सून आजूबाजूच्या गावांत चुली घालायला जायला लागली आणि सासू शिडी धरायला बरोबर. मला मात्र संस्थेने दुसऱ्या तालुक्यात पाठवलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी गडहिंग्लजच्या स्टँडवर ती मला भेटली. एकटीच होती. मी म्हातारीची चौकशी केली.

"गेली की, अक्का. थंडीत छाती भरली. धूर गेला, पर आदीचा आतच बसला हुता." पिशवी दुसऱ्या हातात घेत ती म्हणाली, "मामंजी म्हनत्यात, आदी दोन-चार वर्सं चूल घातली असती तर..." मग एकदम म्हणाली, "आता मामंजीच येत्यात शिडी धरायला. आज त्येंचं गुडघं दुखतंय म्हनून न्हाय आलं."

तिची गाडी लागली तशी ती गर्दीत घुसली आणि दिसेनाशी झाली. बोलण्याच्या नादात माझी कोल्हापूरची गाडी निघून गेली होती. बाकावर जागा होती, पण मला बसवेना. दुसरी गाडी येईपर्यंत मी स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. दोन-चार वर्षं आधी, दोन-चार वर्षं आधी, एवढंच डोक्यात फिरत होतं.