झाकण धरायला दुसरं माणूस

मामी फोनवर एवढंच म्हणाली, "प्रज्ञा, मामा गेला गं. बूट घालताना, खुर्चीतच." मी तेव्हा उल्हासनगरला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. हातातली परीक्षानळी स्टँडला लावली, सरांना सांगितलं आणि बदलापूरला निघाले. खरं सांगायचं तर रडू आलं नाही. पहिल्यांदा आठवली ती त्याने मारलेली थप्पड... मामाला जाऊन आता महिना होत आला. हे लिहावं की नाही, मला अजून नीट कळत नाही. पण मामाच्या आठवणींत मारामारी फार आहे, आणि ती वगळली तर मामा उरत नाही.

मामा कारखान्यांत पॉवर प्रेस बसवायचा. पत्रा कापणारं, दाबणारं यंत्र. वरून वजनदार लोखंड खाली येतं आणि खाली पत्रा आहे की बोट, ते बघत नाही. म्हणून त्याला दोन बटणं असतात, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबली तरच लोखंड खाली येतं, म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात बाहेर. मशीन चार दिवसांत बसायचं, त्यानंतर गिऱ्हाइकाचे फोन सुरू व्हायचे. मामा जेवता जेवता फोन स्पीकरवर टाकायचा.

"अरे भाई, माल निकलता नहीं. एक बटन बंद कर दे ना. बाई एका हाताने दाबेल, दुसऱ्याने पत्रा सरकवेल."

"शेठ, तुम्ही बसा मशीनवर. तुमचा हात आत ठेवा, मग करतो बंद."

"तू फिटर है के पुलिस?"

"आज फिटर. उद्या बघायला येईन तेव्हा पोलीस."

आणि खरंच जायचा, न कळवता. अंबरनाथच्या एमआयडीसीत, उल्हासनगरच्या गाळ्यांत. बटणावर चिकटपट्टी दिसली की फाडून टाकायचा. एकदा एका शेठने कॉलर धरून त्याला पत्र्याच्या ढिगावर ढकललं, कोपर हाडापर्यंत कापलं. एकदा त्यानेच एका सुपरवायझरच्या तोंडावर ठोसा मारला, दात पडला. तो ज्यांची मशीनं बसवायचा त्या कंपनीने त्याला दोनदा लेखी तंबी दिली. तिसऱ्यांदा नोकरी जाणार हे माहीत होतं, तरी जायचा.

मी आठ वर्षांची असताना सुट्टीत त्याच्याकडे राहिले होते. तेव्हा त्याच्या छातीला पट्टा बांधलेला होता. गाडीवरून पडला, असं मामीने सांगितलं. एका सकाळी मी मिक्सरच्या भांड्यात बोट घालून चटणी चाटत होते, दुसरा हात मिक्सरच्या खटक्यावर. मामाने मागून येऊन अशी थप्पड मारली की मी फरशीवर पडले. ओठ फुटला, कान दिवसभर वाजत राहिला. तो उचलायलाही आला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने कुठून तरी दोन हिरवी बटणं आणली आणि ओट्यावर हातभर अंतराने बसवून मिक्सरच्या वायरला जोडली. दोन्ही दाबून धरल्याशिवाय मिक्सर चालेना, आणि दोन्ही हात तिकडे अडकले की झाकण उडायचं. मामी वैतागायची. "या घरात चटणीला दोन माणसं लागतात. शेजारणी हसतात मला." मग रोज कामावर जाण्याआधी मामा झाकण धरायचा. मी मात्र त्याच्याशी कधी मोकळं बोलले नाही. बारावीला तो पेढे घेऊन आला, तेव्हा पाणी दिलं आणि आत निघून गेले.

मामाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाल्यावर एक बाई पुढे आली. तिच्या उजव्या हाताला फक्त अंगठा होता. डाव्या हाताने तिने फोटोला फूल वाहिलं आणि आमच्याजवळ बसली.

"माझ्या मशीनचं एक बटण त्यानेच बंद करून दिलं होतं," ती म्हणाली. "शेठ रोज फोन करायचा. कंपनी म्हणाली, गिऱ्हाईक सांभाळ. त्याने सांभाळलं. तिसऱ्या दिवशी माझी बोटं गेली."

मामा दवाखान्यात येऊन गेला, ती सांगत होती. तिथून थेट गाळ्यात गेला आणि हातोड्याने मशीनचा बटणांचा डबा फोडला. शेठच्या चार माणसांनी त्याला पाइपने मारलं, तीन बरगड्या मोडल्या. "तिथल्या बायका सांगतात, त्याने हात उगारला नाही. नुसता मार खात राहिला."

मी घाबरत विचारलं, "मावशी, तुम्ही माफ केलं त्याला?"

"नाही," ती म्हणाली. "पण नंतर तो प्रत्येक मशीन बघायला जायचा, हे मला ठाऊक होतं. म्हणून आले."

मी मामीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मला आत्ता आठवतंय, छातीला पट्टा होता तेव्हा मामाकडे गाडी नव्हतीच...

गेल्या रविवारी मामीकडे गेले तर तिचा भाऊ पक्कड घेऊन ओट्यापाशी उभा होता. "ताई, काढून टाकतो ही बटणं. एकटीला कसं जमणार?"

"राहू दे," मामी म्हणाली. तिने भांड्यात खोबरं, मिरच्या टाकल्या, दोन्ही बटणांवर हात ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. "बघतेस काय? झाकण धर."

मी धरलं. भांडं हादरत होतं, आणि ती थरथर माझ्या दहाही बोटांत येत होती.