ट्रेमध्ये थांबलेली गाठ

"निगेटिव्हच छे, बेन. मॅडमची सही घ्या आणि रिपोर्ट सोडा," हसमुखभाई म्हणाले. आमच्या लॅबचे ते सगळ्यात जुने टेक्निशियन. मी पॅथॉलॉजीची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तरी मी स्लाइड मायक्रोस्कोपखालून काढली नाही.

स्लाइड सुनीताताईंची होती. निजामपुऱ्यात शिकवण्या घेतात. स्तनातली गाठ आठवड्यापूर्वी काढलेली. आम्ही 'ईआर' बघत होतो. ईआर म्हणजे पेशीतला, स्त्री-हार्मोन पकडणारा रिसेप्टर. असला तर रंगवलेल्या स्लाइडवर तपकिरी दिसतो. कॅन्सर या हार्मोनवर पोसला जात असेल, तर रोजची एक गोळी त्याची रसद तोडते. मला या गोळीचं भारी कौतुक आहे. कॅन्सरच्या पेशी कितीही माजल्या तरी त्यांना खोडी असतात, आणि नवी औषधं नेमकी त्या खोडींवर बोट ठेवतात. पण रिपोर्ट निगेटिव्ह गेला की सुनीताताईंना ती गोळी मिळणार नव्हती.

"हसमुखभाई, ही शेजारची निरोगी दूधनलिका बघा. निरोगी नलिकेतही काही पेशींत ईआर असतोच, त्या तरी तपकिरी हव्यात ना?"

"पण कंट्रोल तर सरस आलाय!"

कंट्रोल म्हणजे सोबत रंगवलेला, हमखास पॉझिटिव्ह नमुना. तो झकास रंगला होता. म्हणजे रसायनं ठीक होती, घोळ गाठीतच होता.

मी स्लाइड घेऊन हेड मॅडमकडे गेले. "मॅडम, ही निगेटिव्ह नाही. टेस्टच फेल आहे."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "गाठ फॉर्मालिनमध्ये कधी टाकली, ते विचार."

फॉर्मालिनमध्ये अवयवाचा तुकडा टिकतो. टाकायला उशीर झाला की ईआर विरून जातो. फॉर्मवर वेळेचा रकाना कोरा होता. ऑपरेशन झालेल्या छोट्या हॉस्पिटलने मोघम उत्तर दिलं. शेवटी मी सुनीताताईंच्या यजमानांना फोन लावला.

"लगेच कुठे टाकली! मोठे दादा वाघोडियाला कंपनीत होते. त्यांची शिफ्ट सुटेपर्यंत सिस्टरनी ट्रेमध्ये झाकून ठेवली. घरातल्या मोठ्या माणसाला दाखवल्याशिवाय कशी पाठवणार, मॅडम?"

मी चिडले. मग आठवलं, काकांच्या पित्ताशयातले खडे आम्हीही रांगेने पाहिले होते. प्रत्येकाने वर मतही दिलं होतं.

सुदैवाने ऑपरेशनआधी सुईने काढलेला तुकडा आमच्याकडेच मेणाच्या ठोकळ्यात होता. तो काढल्याबरोबर फॉर्मालिनमध्ये पडला होता. हसमुखभाईंनी न कुरकुरता त्यावर पुन्हा टेस्ट लावली. दुसऱ्या दिवशी स्लाइड पाहिली आणि मी खुर्चीतून उठलेच. कॅन्सरच्या जवळजवळ सगळ्या पेशी गडद तपकिरी होत्या. एवढा आनंद मला परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

रिपोर्ट न्यायला दोघे भाऊ आले. मोठ्या दादांनी चाचरत विचारलं, "माझ्यामुळे काही बिघडलं का?"

"बिघडणार होतं," मॅडम म्हणाल्या. "हिने थांबवलं. आता गोळी चुकवू देऊ नका."

दादांनी मान डोलावली. माझ्याकडे बघून हात जोडले आणि रिपोर्ट घेऊन बाहेर गेले.

आता आम्ही गाठ पाठवणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलला बजावतो: गाठ आधी फॉर्मालिनमध्ये टाका, नातेवाइकांना मोबाइलवर फोटो दाखवा. मोठी माणसं थांबतात. ईआर थांबत नाही.