तिकडे रस्ता खणलाय

इब्राहिमभाई गेल्याची बातमी मला त्यांच्या बिल्डिंगखालीच कळली. शुक्रवारची सकाळ होती आणि मी नेहमीप्रमाणे जेद्दाच्या अल अझीझियातल्या त्यांच्या गल्लीत, त्यांच्या जुन्या पिकअपला टेकून उभा होतो. त्यांना कधी उशीर होत नसे. थोड्या वेळाने त्यांचा मुलगा जिना उतरून आला आणि म्हणाला, "अंकल, अब्बा फजरच्या नमाजाला उठलेच नाहीत..." पिकअपचं बॉनेट थंड आहे, हे तेव्हा हाताला जाणवलं. मी पोहोचायच्या आत गाडी गरम करून ठेवायची, असा त्यांचा नियम होता.

पुढे पंधरवड्याने इथल्या आमच्या मराठी मंडळाने हॉटेलच्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. मुसलमान माणसाच्या फोटोला हार घालावा की नाही, यावर कार्यकारिणीची आधी स्वतंत्र बैठक झाली आणि शेवटी हार फोटोशेजारी टेबलावर ठेवण्यात आला. अध्यक्षांनी दिवंगतांचा उल्लेख 'आखाती खाद्यसंस्कृतीचे चिकित्सक उपासक' असा केला. इब्राहिमभाई तिथे असते तर मागच्या रांगेतून ऐकू येईल असं म्हणाले असते, "मेल्या, अंडं खायला जायचो आम्ही."

खरंच, तेवढंच होतं. ते बाणकोटच्या खाडीकाठचे. इथे एसीच्या सुट्या भागांचा धंदा करायचे. मी नाशिकचा, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटवर इंजिनिअर. आमची ओळख एका बुफियासमोर झाली. बुफिया म्हणजे खिडकीएवढं दुकान. आत एक तवा, चहाचं पातेलं आणि बहुतेक वेळा केरळचा एक माणूस. पराठ्यात अंडं गुंडाळून, वर लाल तिखट चटणी घालून तो रोल करून देतो. इथल्या रिवाजाप्रमाणे गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाही. हॉर्न वाजवायचा, मग तो माणूस तवा सोडून उन्हात धावत येतो. मीही तसाच हॉर्न वाजवला, तर काउंटरला टेकून उभे असलेले एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ वळले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "पाय मोडलेत काय तुमचे?" माझ्या गाडीच्या काचेवर गणपती होता, त्यावरून त्यांनी भाषा ताडली होती. मी उतरलो. त्या सकाळपासून ते मला 'तू' म्हणू लागले.

मग सुट्टीचे शुक्रवार ठरून गेले. जुम्म्याच्या नमाजाआधी परत यायचं आणि तोवर कुणाला ठाऊक नसलेला एखादा बुफिया शोधायचा. त्यांचे निकष कडक होते. पाटीवर पदार्थाचा फोटो दिसला की गाडी पुढे. बाहेर खुर्च्या असल्या की आणखी पुढे. "खुर्ची आली की मॅनेजर येतो, मॅनेजर आला की अंडं बारीक होतं," हे त्यांचं अर्थशास्त्र. फोनवरचे तारे मोजून जाणं त्यांना नामंजूर. त्यांचा विश्वास होता पाण्याच्या टँकरवाल्यांवर. घरोघरी पाणी टाकत हिंडणारा तो माणूस दिवसभर शहर पालथं घालतो, भूक लागली की नेमकं कुठे थांबायचं हे त्याला कळतं. म्हणून सकाळी एक टँकर हेरायचा आणि मागे लागायचं. ही पद्धत बहुतेकदा लागू पडायची. एकदा मात्र बोलण्याच्या नादात टँकरचा रंग बघायचा राहिला आणि शहराबाहेर बरंच अंतर कापल्यावर वाऱ्याने आम्हाला सांगितलं की हा पाण्याचा नव्हे, मैल्याचा टँकर आहे. मी काच वर केली. इब्राहिमभाई शांतपणे म्हणाले, "परत जाताना तो कुठे चहा पितो, तेवढं बघू." बघितलंही. चहा उत्तम होता.

या सगळ्यांत पहिला नंबर बीरानचा. जुन्या वस्तीतल्या एका बोळात त्याचा बुफिया होता. अंड्यात तो बारीक चिरलेला कढीपत्ता घालायचा आणि रोल तव्यावर दाबून असा शेकायचा की पराठ्याची कड कुरकुरीत व्हायची. इब्राहिमभाई एकच रोल सांगायचे, मधोमध कापून. अर्धा त्यांचा, अर्धा माझा. मग दुसरा, तोही कापून. दोन का सांगत नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "गरम खायचंय की हिशेब करायचाय?" पुढे ती वस्ती पाडली. एका शुक्रवारी गेलो तर बोळच नव्हता, विटांचा ढीग होता आणि त्यावर मांजरं. बीरान कुठे गेला, कुणालाच माहीत नव्हतं. त्याचा फोन नंबर घ्यावा, असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

त्याच सुमारास माझी बायको मेधा मुलीच्या कॉलेजसाठी तिला घेऊन नाशिकला गेली आणि मी तीन खोल्यांत एकटा उरलो. आठवडाभर प्लँट असतो. शुक्रवार वाईट. पडदे ओढून पडून राहायचं, दुपारी उठून कालचा भात खायचा आणि व्हिडिओ कॉलवर मेधाला 'मजेत आहे' सांगायचं. दोन शुक्रवार मी असे काढले. तिसऱ्या शुक्रवारी इब्राहिमभाईंनी दार वाजवलं. "चल, बीरानला शोधायचाय." मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या शहरात?" तर म्हणाले, "म्हणून तर लवकर निघायला पाहिजे."

तेव्हापासून आम्ही शोधत होतो. दक्षिणेकडच्या गोदामांमागे, बंदराजवळ, गॅरेजांच्या रांगांमध्ये. बीरान सापडत नव्हता. दुसरंच कुणीतरी सापडत होतं. खजुराच्या गुळाचा चहा करणारा येमेनी सापडला, चपातीत मसूर भरून देणारा सुदानी सापडला. मी अनेकदा म्हटलं, एकदा उत्तरेला नव्या वस्त्यांकडे बघू या. इब्राहिमभाई स्टीअरिंग उलटं वळवत म्हणायचे, "तिकडे रस्ता खणलाय." मी इंजिनिअर आहे. एखादा रस्ता एवढा काळ खणलेला राहू शकतो, यात मला काहीही विचित्र वाटलं नाही.

शोकसभेनंतर काही दिवसांनी इब्राहिमभाईंच्या बायकोचा, भाभींचा फोन आला. "भाऊ, मी इद्दतीत आहे, घराबाहेर पडता येत नाही. एक काम कराल? बीरानला जाऊन सांगा. त्याला कुणी कळवलं नसेल."

"भाभी, बीरान तर आम्हाला सापडलाच नाही."

"असं कसं? दर मंगळवारी मला न्यायचे की. उत्तरेला, टायरच्या दुकानाशेजारी..." मग हलकेच म्हणाल्या, "अय्या, तुम्हाला बोललेच नाहीत होय?"

मी गेलो. रस्ता गुळगुळीत होता, मधोमध खजुराची झाडंसुद्धा लावलेली. गाडी लावून उतरलो आणि काउंटरशी उभा राहिलो. बीरानने मला ओळखलं, मागे कुणी येतंय का ते पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून त्याला समजलं. बराच वेळ तो फडक्याने काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला, "भाई बोले थे, कुलकर्णी सार को मत बताना. बोले, मिल गया तो वो फिर घर में सो जाएगा." त्याने न विचारता तव्यावर रोल टाकला, दाबून शेकला आणि मधोमध कापून दोन कागदांत बांधला. मी दोन्ही अर्धे तिथेच उभ्याने खाल्ले. दुसरा थोडा निवला होता.

इब्राहिमभाईंची पिकअप आता माझ्याकडे आहे. मुलाने आग्रहाने दिली. आमच्या प्लँटवर पुण्याचा अभिजित नावाचा एक इंजिनिअर नव्याने आलाय. बायको-मुलगा तिकडे, हा इथे, आणि शुक्रवारी याच्या खोलीचे पडदे ओढलेले. गेल्या शुक्रवारी मी त्याचं दार वाजवलं आणि बीरानच्या रोलबद्दल सांगितलं. कढीपत्ता, कुरकुरीत कड, सगळं. वस्ती पाडल्यापासून माणूस सापडत नाही, हेही सांगितलं. तो बाहेर आला. खाली बॉनेट तापलेलं होतं. गाडीत बसल्याबरोबर त्याने फोन काढला. "सर, उत्तरेला एक जागा दिसतेय, टायरच्या दुकानाजवळ. बघायची?"

मी स्टीअरिंग दक्षिणेकडे वळवलं.

"नको," मी म्हटलं. "तिकडे रस्ता खणलाय."