मागच्या रांगेतले अण्णा

अण्णा गेल्याचं मला आठवड्यानं कळलं, तेही त्यांच्या बायकोच्या, महादेवीवहिनींच्या फोनवरून. रडणं नाही, काही नाही. "भावजी, छावणीच्या गाण्यातली ह्यांची ओळ तुमच्याकडं असंल. तेवढी द्या. मोबाईल बिघडला तवा त्यातलं समदं गेलं, जत्रेच्या व्हिडिओत नुसता ढोल ऐकू येतोय. घरात त्यांचा आवाजच न्हाय कुठं." मी "बघतो" म्हणालो. बघण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

तेरचे नागूअण्णा म्हणजे आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्राचा खणखणीत गळा. माईक बंद पडला तरी अण्णांचं गाणं बंद पडत नसे. दुष्काळाच्या त्या वर्षी गावच्या छावणीत जनावरांपुढं टाकायला कडबा उरला नव्हता. अण्णांची बैलजोडीही तिथंच होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. जिल्ह्यातल्या देवीची, लग्नातली, डीजेची गाणी गाणाऱ्या सगळ्यांनी मिळून एक गाणं करायचं, मोबाईलवर सोडायचं आणि लोकांकडं चारा मागायचा, ही कल्पना त्यांचीच. धाराशिवातल्या माझ्या स्टुडिओत, म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेल्या पत्र्याच्या खोलीत, अकरा गायक जमले. रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो म्हणून पंखा बंद. प्रत्येकाला एकेक ओळ, आणि त्यावरूनही रुसवेफुगवे. कुणाला पहिली हवी, कुणाला उंच सुरातली. अण्णा घाम पुसत म्हणाले, "मला कुठली बी द्या. बैलाला काय कळतंय कुणी म्हणलंय ते." उरलेली ओळ त्यांनी एका दमात म्हटली, आणि भांडणारे सगळे गप्प झाले...

मग सगळ्यांनी मिळून धृपद. माईक एकच. मोठ्या आवाजाच्या माणसाला मागं उभं करायचं, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. नाहीतर बाकीचे ऐकूच येत नाहीत. "अजून मागं?" "अजून थोडं, अण्णा." ते हसत हसत पार दारापर्यंत सरकले.

दुसऱ्या दिवशी, मोबाईलवर तेव्हा ज्याचं नाव गाजत होतं असा एक गायक यायला तयार झाला. तो गायला तर गाणं लांबवर जाणार होतं. त्याला नेमकी अण्णांचीच ओळ आवडली. दुसऱ्या कुणाची ओळ काढून त्याला दिली असती तर रामायण झालं असतं. अण्णा भांडणार नाहीत, म्हणून मी त्यांची काढली. लिहिताना लाज वाटते, पण खरं हेच आहे. त्यांना सांगायचा धीरही मला झाला नाही. गाणं त्यांनी छावणीतल्या कर्ण्यावरच ऐकलं. आठवड्यानं त्यांचा फोन आला, "चाऱ्याची गाडी आली बरं का." मी माफी मागू लागलो. "आरं, बैल खायला लागले. तू काय घेऊन बसलास..." पुन्हा मात्र ते माझ्या स्टुडिओची पायरी चढले नाहीत. नवरात्राच्या गाण्यांसाठी कॉम्प्युटरमध्ये जागा हवी म्हणून मी जुनं सगळं पुसलं, त्यात त्यांची ती ओळही गेली.

गेल्या रविवारी तेरला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सगळे मिळून म्हणत्यात, त्यात तरी हायेत का?"

"हायेत."

"मग दाखवा. त्यांचा कोणता?"

मी धृपद लावलं. पुन्हा लावलं. पाच वेळा लावलं. आवाज निवडण्यातच माझा जन्म गेला, पण मीच दारापाशी ढकललेल्या माणसाचा आवाज मला त्या घोळक्यात सापडेना. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मला ते सहन होईना. सहाव्या वेळी मी एका जागी बोट वर केलं. "हा बघा वहिनी, हा अण्णांचा."

त्यांनी डोळे मिटले. "व्हय," त्या म्हणाल्या, "हाच."

आता रोज सकाळी चूल पेटवली की त्या तेवढाच तुकडा लावून बसतात, असं त्यांची लेक सांगते. तो आवाज कुणाचा आहे, मला माहीत नाही.