रिकाम्या रस्त्यावरची घंटी

पुण्याचा भाचा परवा खर्ड्याला माझ्याकडं आला, जाड टायरांची सायकल घेऊन. डोंगरातल्या पाझर तलावाकडं जाणारा मुरमाचा रस्ता त्यानं मोबाईलवर शोधला होता. "तिकडं एकही गाडी नसते, मावशी," तो खुशीत म्हणाला. निघण्याआधी ओट्यावर बसून त्यानं पंक्चर काढलं आणि सोल्युशनच्या वासानं मला आई आठवली.

आईलाही सायकल शिकायला तोच रस्ता हवा होता. रोजगार हमीच्या कामावर तिनंच त्यावर पाट्या भरभरून मुरूम टाकला होता. एका संध्याकाळी माझी शाळेची सायकल घेऊन आम्ही दोघी तिकडं गेलो. तिनं पदर खोचला, चपला काढून माझ्याकडं दिल्या.

"कुनी न्हाई ना गं?"

"न्हाई. बस तू."

मी मागून कॅरियर धरून पळत होते. उताराला ते हातातून सुटलं. टायरांखाली मुरूम करकरत होता, तापल्या मातीचा आणि वाळल्या गवताचा वास येत होता, आणि आई पडत नव्हती. वळणाआड गेल्यावर तिची घंटी वाजली, मग पुन्हा, कितीतरी वेळ. कुणी आडवं आलं असेल म्हणून मी धावत गेले, तर रस्ता मोकळाच होता.

"वाजती का बघितली," ती म्हणाली.

तेव्हा मला ते पटलं होतं. आता वाटतं, कुणी बघू नये म्हणून ती तिथवर गेली होती, पण कुणाला तरी ऐकू जावं, असंही तिच्या मनात असणार.

भाचा निघाला तेव्हा मी म्हटलं, "वळणावर घंटी वाजव."

"तिथं कोण असतं, मावशी?"

"कुणी नसतं. तरी वाजव."