दोन बोटं सैल

सोमवार, १२ फेब्रुवारी. सकाळी धुकं. नर्सिंग शाळेचे अकरा पांढरे कोट शिवून झाले. अकराही सैल. बेतण्यात मास्तरांची चूक. मास्तर अकरालाच घरी गेले.

एवढं लिहून बाईंनी वही मिटली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. पन्नास वर्षांत त्यांनी डायरी दुपारी कधी लिहिली नव्हती. पण कागदावर उतरलं की ते पक्कं होतं असं त्यांना वाटे, आणि आज ही गोष्ट पक्की करायची त्यांना घाई होती.

नवऱ्यामागे शिवणाचं दुकान त्यांनीच सांभाळलं. माप त्या घ्यायच्या, कापड मास्तर बेतायचे. बाईंची एक खोड होती. टेपच्या आत स्वतःची दोन बोटं घालून माप घ्यायचं आणि तेच मापांच्या वहीत उतरवायचं. मास्तरांना हे ठाऊक, म्हणून ते वर आणखी सैलपणा धरत नसत. बावीस वर्षांत दोघांना यावर एक अक्षर बोलावं लागलं नव्हतं.

मग नातीने फोनवर चॅटबॉट घालून दिला. "आजी, याला सगळं नीट सांग, हा तुला प्रोग्रॅम लिहून देईल. माप टाकलं की कापायचे आकडे बाहेर!" बाई हुरळल्या. तीन दुपारी बसून प्रोग्रॅम करून घेतला आणि आकड्यांचा छापील कागद मास्तरांपुढे ठेवला.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, छातीचं माप जरा ऐसपैस वाटतंय."

"आकडेमोडीत तो तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार आहे, मास्तर. छापलंय तसं कापा."

"कापतो. एका कोटात दोघी मावतील, थंडीत बरं."

आज कोट तयार झाले आणि खरोखरच दोघी मावल्या असत्या. काजं करणाऱ्या दोन मुली तोंडावर हात धरून हसू लागल्या. ते हसू बाईंना झोंबलं.

"वय झालं तुमचं, मास्तर! खडूची रेघ तरी दिसते का आता?"

मास्तरांनी कात्री मिटली, बोटांचा खडू झटकला आणि डबा तसाच ठेवून, चपला घालून ते निघून गेले.

वही मिटल्यावर बाईंनी फोन उघडला तो मास्तर नेमके कुठे चुकले ते दाखवून द्यायला. चॅटबॉटशी झालेलं बोलणं वरपासून वाचलं. सुरुवातीलाच त्याने विचारलं होतं: ही मापं अंगालगत घेतलेली आहेत, की त्यात सैलपणा धरला आहे? खाली त्यांचं उत्तर: अंगालगत.

घाईत लिहिलं, असं म्हणायलाही जागा नव्हती. तो क्षण त्यांना लख्ख आठवत होता. नात शेजारी बसली होती. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आपली आजी बोटं घालून मापं घेते, हे तिच्यादेखत लिहायला गावंढळ वाटलं होतं. म्हणून खोटं सांगितलं. यंत्राने ते खरं मानून वर पुन्हा सैलपणा चढवला. आपलं झाकायला गेल्या आणि मास्तरांची शोभा केली.

चार वाजता त्या मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या. मास्तर ओट्यावर बसून वाटाणे सोलत होते.

"मास्तर, चूक माझी. मापाचं त्याला मीच खोटं सांगितलं."

"मला कापतानाच कळलं होतं, बाई."

"मग थांबला का नाहीत?"

"एकदा बोललो. दुसऱ्यांदा बोलणारे आपण कोण? हुशार तर तो होता ना!"

बाईंची मान खाली गेली. "उद्या याल?"

मास्तरांनी एक शेंग फोडली. "येईन. पण मला बोललात पोरींसमोर. हेही पोरींसमोरच बोला. बोटांचंसुद्धा."

बाईंच्या तोंडून 'बरं' निघायला वेळ लागला.

संध्याकाळी त्यांनी वही उघडली. लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी शिकवलं होतं, चूक गिरगटून झाकायची नाही, खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची. 'मास्तरांची' या शब्दावर त्यांनी रेघ मारली आणि वर 'माझी' लिहिलं. रेघेखालचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. पान उलटावंसं वाटलं, पण त्यांनी उलटलं नाही. खाली लिहिलं:

मास्तरांचा डबा दुकानातच राहिला होता. घासून पालथा घातला.